हात हुंगणारे पाहुणे

नदीला आई म्हणणाऱ्या माणसांपासून मी शक्यतो चार हात लांब बसते. परवा तेही जमलं नाही. पवनीच्या घाटावर वैनगंगेची महाआरती होती आणि ‘नदीकाठची कन्या’ म्हणून मला व्यासपीठावर अगदी मधल्या खुर्चीत बसवलं होतं. शाल, श्रीफळ, प्लॅस्टिकच्या आवरणातला पुष्पगुच्छ. धरणानं अडवलेलं पाणी जागचं हलत नव्हतं. वर जलपर्णीचा हिरवा थर, त्यात अडकलेल्या थर्माकोलच्या पत्रावळी, आणि वरच्या शहरांनी सोडलेल्या गटारांचा तो गोडसर, कुजका दर्प. व्यासपीठावरच्या प्रत्येकानं भाषणात नदीला आई म्हटलं आणि खाली बसताना प्रत्येकानं रुमाल नाकाला लावला. आईशी असं वागणारी माणसं मी घरोघर पाहिली आहेत, त्यामुळे आश्चर्य वाटलं नाही. शिसारी मात्र आली. ती नवी नव्हती. नाकाला रुमाल लावून आमच्या दारात आलेला पहिला माणूस मी लहानपणी पाहिला, आणि त्या दिवसापासून ही शिसारी माझ्या पोटात मुक्कामाला आहे. त्या माणसाबद्दल, आणि माझ्या रुखमाआत्याबद्दल, आता लिहून टाकते.

आम्ही ढिवर, नदीत मासे धरणारे. घर नदीच्या दरडीवर, इतकं कडेला की पावसाळ्यात बा रोज सकाळी आधी दरड किती उरली ते पाहायचा आणि मग तोंड धुवायचा. अंगणात बांबूंवर जाळी वाळत असायची. जाळ्याच्या काठाला शिशाच्या गोळ्या असत. वारा सुटला की त्या एकमेकींवर आपटून किणकिणत. माझ्यासाठी झोपेचा आवाज तोच. घरातला दुसरा आवाज पाट्याचा. माय सकाळ-संध्याकाळ पाट्यावर काहीतरी वाटत असायचीच. मिरची, लसूण, जवस, आणि बहुतेक वेळा सुके झिंगे, म्हणजे नदीतली बारीक कोळंबी. उन्हाळ्यात झिंगे वाळवून मडक्यात भरायचे आणि पावसाळा त्यावर काढायचा. चटणीत झिंगे, वांग्यात झिंगे, कधी नुसत्या भातावर भाजून चुरलेले झिंगे. आमच्या घराला वास आहे हे मला शाळेत जाईपर्यंत माहीत नव्हतं. शाळेत मुलींनी सांगितलं. मी घरी येऊन दारापासून चुलीपर्यंत हुंगत फिरले आणि मला काहीच सापडलं नाही. स्वतःच्या घराचा वास स्वतःला येत नाही. येऊ लागला की समजावं, आपण घरातून उठलो.

रुखमाआत्या बाची धाकटी बहीण. आजा-आजी मी पाहिले नाहीत, ते आधीच गेले होते, आणि आत्या आमच्यातच वाढली. ती डोंग्यात उभी राहून जाळं फेकायची. डोंगा म्हणजे एका खोडातून कोरलेली अरुंद होडी. त्यात बसलेला माणूसही शिंकला तर कलंडतो, ही उभी राहायची. पण तिचं खरं राज्य डांगरवाडीवर. थंडी सरली की नदी आक्रसून एका कडेला जायची आणि मधे वाळूचा मोठा माळ उघडा पडायचा. त्या वाळूत ओल लागेपर्यंत खड्डे खणायचे, तळाशी शेणखत घालायचं, बी लावायचं आणि उन्हाळाभर राखण करायची. टरबुजं, काकड्या आणि डांगरं, म्हणजे खरबुजं. गवताच्या झोपडीत आत्या दिवसभर असायची आणि तिच्यासोबत मी. डांगर पिकलं की नाही हे ती नखानं न टोचता, नुसतं देठाकडे बघून सांगायची. आज ती सगळी वाळू धरणाच्या पाण्याखाली आहे. तिच्यावर मासेही नीट राहत नाहीत, डांगरं कुठली.

तर आत्यासाठी स्थळ आलं. आमच्यात तिचं वय झालं असं मानत होते आणि दोन-तीन जण बघून गेले होते. कोणाला ती काळी वाटली, कोणाला उंच. हे स्थळ साकोलीकडचं. मध्ये होता डोमाजी, आमचा लांबचा नातेवाईक, ज्याला लग्नं जुळवण्यापेक्षा लग्नांत जेवण्याची हौस जास्त होती.

“पोरगा कचेरीत कारकून आहे,” डोमाजी अंगणात बसल्या बसल्या म्हणाला. “बाप गुरुजी. आख्ख्या घराच्या गळ्यात माळ. मासोळी तं सोडाच, मासोळीचं नाव बी घेत नाईत.”

“मंग ढिवराच्या घरी काहून येऊन राहिले?” माय चुलीपाशून म्हणाली. “इथं का तुळशीची भाजी शिजते?”

“ते बी ढिवरच न वं बाई. पर आता सुधारले.”

“सुधारले म्हंजे काय झाले?”

“म्हंजे... खात नाईत,” डोमाजी म्हणाला. सुधारणेची याहून नेमकी व्याख्या मी पुढे जाड जाड पुस्तकांतही वाचली नाही.

आत्याला ते स्थळ हवं होतं, हे मला ठाऊक होतं. कारण मुलगा तिनं पाहिला होता. एका नातलगाच्या लग्नात तो तिच्याजवळ येऊन विचारून गेला होता, डोंग्यात उभं राहताना पाय कसे ठेवता? वाडीवरच्या झोपडीत आत्यानं हे मला कितीदा सांगितलं असेल. “सारे इचारतेत भेव नाई लागत का,” ती म्हणायची. “त्यानं पाय इचारले.” आणि मग ती वाळूत पाय रोवून दाखवायची, एक पुढे, एक तिरपा, जणू तो समोर उभा आहे. मुलाचं नाव मधुकर. त्या नावानं चिडवलं तरी ती हसायची नाही, इतकं ते मनावर घेतलेलं होतं.

पाहुणे यायच्या आधीचे दिवस मी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाहीत. डोमाजीनं निरोप आणला की गुरुजींना घरात वास चालणार नाही. बानं जाळी उचलून नात्यातल्या एकाच्या गोठ्यात नेऊन टाकली. झिंग्यांची मडकी दरडीखाली वाळूत पुरली. घर सारवलं, मग पवनीच्या बाजारातून फिनेल आणून त्यावर शिंपडलं. ते कमी पडेल म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात गुलाबाच्या अगरबत्त्या लावल्या. माशाच्या वासानं मला आयुष्यात कधी मळमळलं नाही. त्या दिवशी शेण, फिनेल आणि गुलाब यांनी मिळून जे काही केलं त्यानं मी दरडीवर जाऊन ओकले. अजूनही कुठल्या मंगल कार्यालयात तो मिश्र वास आला की मी आहेर देऊन निघते.

मग आत्याचे हात. चिंच लावली, लिंबू लावलं, चुलीतली राख लावली, बेसन लावलं. शेजारणीनं सांगितलं म्हणून राकेल चोळलं. मग राकेलचा वास जावा म्हणून कपड्याचा साबण. आत्याच्या बोटांची सालं निघाली.

“आता चुलीपाशी बसवू नोको वयनी,” ती मायला म्हणाली, “पेटून जाईन.”

ती हसली, म्हणून मीही हसले.

स्वयंपाकाचा प्रश्न त्याहून मोठा. माळकऱ्यांना आमच्या भांड्यांत जेवू कसं घालायचं? मायनं कढया, पातेली, पळ्या, सगळं वरच्या आळीतल्या एका ओळखीच्या घरून उसनं आणलं. चूल मोडून नवी घातली. तेल नवं, मीठ नवं, तिखट नवं. इतका विचार तिनं स्वतःच्या लग्नातही केला नसेल. राहिला फक्त पाटा. तो काही राहून गेला नव्हता; चिंचेनं घासला होता, कढत पाण्यानं धुतला होता. पण पाटा बदलावा हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. आमच्याकडे पाटा म्हणजे भांडं नव्हे. भांडी येतात, फुटतात, जातात. पाटा उंबरठ्यासारखा घराचाच असतो, आणि उंबरठा कोणी उसना आणत नाही.

पाहुणे ऐन दुपारी आले. पुढे गुरुजी: पांढरं धोतर, काळी टोपी, कपाळाला गंध, आणि आमच्या गल्लीत शिरल्यापासून नाकाला लावलेला रुमाल. मागे त्यांची बायको, डोक्यावरून पदर इतका ओढलेला की चेहरा दिसू नये. तिच्या मागे मधुकर. कडक इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. उसन्या खुर्चीवर गुरुजी बसले, रुमाल काढला, सावधपणे थोडी हवा आत घेतली आणि फिनेलनं खोकले. मग बोलू लागले. समाजाची उन्नती, व्यसनमुक्ती, आचारशुद्धी. स्वतःला ते ‘आम्ही’ म्हणत. “आम्ही ठरवलं, या जिभेला जिंकायचं. आम्ही जिंकली.” बा हात जोडून “हो जी, हो जी” करत होता. पुरात डोंगा घालणारा माझा बाप, त्या खुर्चीसमोर जमिनीवर बसून, माझ्यापेक्षा लहान झाला होता. मला ते बघवेना.

आत्याला बाहेर आणलं. नाव विचारलं, शिक्षण विचारलं.

“चौथी झाली, जी,” बा म्हणाला.

“वाचता येतं का?”

“वाचतो न, जी,” आत्या म्हणाली. आमच्याकडे बायाही ‘मी जातो, मी वाचतो’ असंच बोलतात.

“‘वाचतो’ नव्हे. ‘वाचते’. तू स्त्री आहेस,” गुरुजींनी तिला कळवलं. मग म्हणाले, “हात पुढे कर, बाळ.”

आत्याला वाटलं, रेषा बघायच्या असतील. तिनं उजवा हात पुढे केला. गुरुजींनी तिचं मनगट धरलं, तळवा नाकाशी नेला, डोळे मिटले आणि हुंगला. हळू, लांब श्वास घेऊन. मग हात उलटा करून बोटांच्या बेचक्यांत हुंगला. मग डावा. घाटावर माल घ्यायला येणारे व्यापारी माशाचा कल्ला उचलून असंच नाक घालत. मासा ताजा निघाला तर टोपलीत, नाहीतर घाटावर भिरकावून. पण मासा तोवर मेलेला असे. आत्या जिवंत होती आणि तिच्या हातांची सालं निघालेली होती, आणि त्या सोललेल्या कातडीवर त्या माणसाच्या मिशा फिरत होत्या. मी पुष्कळ वाचलं आहे, माणसानं माणसाशी केलेल्या पुष्कळ वाईट गोष्टी छापील स्वरूपात माझ्या डोळ्यांखालून गेल्या आहेत. घाण वाटण्याच्या बाबतीत त्या मिशांच्या जवळ त्यातलं फार थोडं येतं.

“वास नाही हो,” गुरुजी बायकोकडे वळून म्हणाले.

बा सुटल्यासारखा हसला. डोमाजी हसला. आत्या हसली नाही. ती मधुकरकडे बघत होती. तिला फार काही नको होतं. ‘बाबा, राहू द्या’ एवढं चाललं असतं. नुसतं खाकरला असता तरी चाललं असतं. मधुकर भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. इतकं मन लावून काय वाचत होता कोण जाणे. पान तर मागच्याच महिन्याचं होतं.

पानं घ्यायच्या आधी आत्या आत आली आणि तिनं मीठ बघायला वांग्याच्या भाजीत बोट बुडवून चाखलं. तिचा चेहरा बदलला.

“वयनी. झिंगे.”

“काय झिंगे? झिंगे तं पुरले.”

“चाखून पाय.”

मायनं चाखलं. मसाला पाट्यावर वाटला होता. इतक्या वर्षांचे झिंगे त्या दगडात मुरलेले होते. कढत पाण्यानं ते गेले नव्हते, उलट जागे झाले होते.

“चूप राय,” माय कुजबुजली. “कोनाले समजते? जनमात खाल्ले नाईत त्याईनं.”

“खाल्ले आहेत. ढिवर आहेत ते.”

“रुखमे, तोंड बंद ठेव. आज जमून राहिलं तुयं.”

आत्यानं तोंड बंद ठेवलं आणि वाढायला गेली. चिन्नोरचा भात, लाखोळीची डाळ, वड्या, आणि वांगी. गुरुजींनी पहिला घास घेतला, थांबले, आणि मग त्यांचा हात असा चालू लागला की मला जाळं ओढणारा बा आठवला. त्यांची बायको मात्र पहिल्याच घासाला अडखळली. पदराआडून तिनं मायकडे पाहिलं. मी मायच्या मागे उभी होते, मला ते डोळे दिसले. ओळख पटलेले डोळे होते ते. मग तिनं दुसरा घास घेतला, सावकाश, आणि बोटं ओठांनी पुसून घेतली. अगदी बारीक आवाजात म्हणाली, “थोडी आनखी दे वं बाई.” दिवसभरात ती तेवढंच बोलली, आणि त्यात शुद्ध भाषेचा मागमूस नव्हता.

तिनं ते कोणाला सांगितलं नसतं. पुरलेली मडकी पुरलेलीच राहिली असती, लग्न झालं असतं. पण गुरुजींना जेवल्यावर भाषण केल्याशिवाय पचत नसावं. पुन्हा भाजी मागून घेत ते म्हणाले, “पाहा. ही सात्त्विक अन्नाची चव. मांसमच्छीच्या घरात अशी चव उतरत नाही. आम्ही हात तपासला तो उगीच नाही. हात शुद्ध, म्हणून अन्न शुद्ध. मधुकर, समजलं?”

“हो,” मधुकर भाताकडे बघत म्हणाला.

आत्या पळी घेऊन समोर उभी होती. तिनं पळी भाजीत ठेवली.

“गुरुजी,” ती म्हणाली, “हे झिंग्याची चव आहे जी.”

“काय?”

“सुकल्या झिंग्याची. घातले नाईत, पर पाटा तोच आहे. धुतला आमी. दगड पिऊन बसला, त्याले आमी काय करावं?”

मला स्पष्ट आठवतं, गुरुजींच्या बायकोनं तोंडातला घास घाईघाईनं गिळून टाकला. थुंकावा लागू नये म्हणून.

गुरुजी उठले ते पान ओलांडून. “भ्रष्ट केलं! भ्रष्ट केलं!” अंगणात जाऊन घशात बोटं घातली. काही आलं नाही. पोटानं जिभेची बाजू घेतली असावी. मग म्हणाले, “गंगाजल आणा!”

“गंगाजल नाई जी,” बा रडवेला होऊन म्हणाला. “वैनगंगा आहे.”

“चालेल!”

आणि ते धोतर सावरत दरड उतरले. मी मागोमाग गेले. मला कोणी अडवलं नाही. उन्हाळ्यात आमच्या बाजूला पाणी उथळ असायचं. वरच्या अंगाला म्हशी बसल्या होत्या आणि म्हशी पाण्यात बसून जे करतात ते करत होत्या. त्याच्याही वर मसणवट होती आणि सकाळीच कोणाची तरी राख सोडली होती. अर्धवट विझलेले कोळसे काठाकाठानं येत होते. आम्ही प्यायचं पाणी तिथून कधीच घेत नसू, वाळूत झरा खणून घेत असू. गुरुजी गुडघाभर पाण्यात उभे राहिले, काहीतरी पुटपुटले, आणि ओंजळीमागून ओंजळ प्यायले. गटागट. वर येताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं आणि हनुवटीला शेवाळाचा हिरवा धागा. स्वच्छ धुतलेल्या पाट्यावरचा वास त्यांना बाटवून गेला होता, आणि ते पाणी शुद्ध करून गेलं. परवा आरतीनंतर एका मोठ्या माणसानं तीर्थ म्हणून तळहातावर नदीचं पाणी घेतलं, ओठांपर्यंत नेलं आणि शालीला पुसलं. प्रगती आहे म्हणायची.

पाहुणे गेले. बा आत्यावर ओरडला. त्यानं तिच्यावर कधी हात उचलला नव्हता, त्या दिवशीही उचलला नाही, पण बोलला फार. “काहून बोललीस? कोनी इचारलं होतं तुले? जमलं होतं न सारं!” आत्या वांग्याची भाजी भातावर घेऊन जेवत बसली. सकाळपासून उपाशी होती. “चव मस्त आली वयनी,” एवढंच म्हणाली, आणि मग जेवता जेवता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी ती जेवत राहिली.

दोन-चार दिवसांनी डोमाजी परत आला. आनंदाची बातमी आणल्यासारख्या आवाजात त्यानं सांगितलं, की गुरुजी मोठ्या मनाचे आहेत. मुलगी पसंत आहे. मुलीनं शुद्धीसाठी पंचगव्य घ्यावं, आमच्या घरानं माळ घालावी आणि जाळं सोडावं, की झालं.

“ते पंचगव्य म्हंजे काय?” मायनं विचारलं.

“दूध, दही, तूप... अन् गाईचंच बाकीचं.”

“बाकीचं काय?”

“मूत अन् शेन न वं. थोडंसंच असते.”

मला वाटलं बा त्याला हाकलून देईल. बा दरडीकडे वळला. मग म्हणाला, “मी जाळं सोडतो.” इतकंच. त्याला दुसरं काहीच येत नव्हतं. जाळं सोडून तो करणार काय होता, त्यालाही माहीत नसेल. बहिणीसाठी तो ते करायला निघाला होता.

आत्या दारात आली. “दादा, जाळं काई सोडू नोको. शेनानं अंगन सारवतो मी. पोट नाई सारवत.” आणि डोमाजीला म्हणाली, “सांगजो त्याईले.”

तो उन्हाळा वाडीवर तसाच गेला. डांगरं भरपूर आली. एका टळटळीत दुपारी काठावर सायकल आडवी टाकून कोणीतरी वाळूतून येताना दिसलं. वाळू इतकी तापलेली की तो चपला असूनही उड्या मारत होता. मधुकर होता. आत्या झोपडीच्या सावलीत उभी राहिली. मी आत डांगरांच्या ढिगावर बसले होते, तिनं मला उठवलं नाही.

“मी त्या दिवशी काही बोललो नाही,” तो म्हणाला.

“हो. मी पायत होतो.”

“आमच्या घरी बाबांपुढे कोणी बोलत नाही.”

“आता बोलान का?”

तो खाली बघू लागला. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाला, “माझ्या मनात एक आहे. ते पंचगव्य... तुम्ही नुसतं ओठांना लावल्यासारखं करा. घेतलं म्हणून मी सांगेन बाबांना. कोणाला कळणार आहे? पुढे मी सगळं बघून घेईन.”

आत्यानं एक डांगर उचललं, फोडलं, अर्धं त्याच्या हातात दिलं. तो उभ्याउभ्याच खाऊ लागला. तहानलेला होता बिचारा.

“इकडे येतो म्हणून घरी सांगतलं का?” तिनं विचारलं.

“नाही. पवनीला कामाला जातो म्हणालो.”

“मंग असं करा. आता घरी जा. सांगा, वाडीवर गेलो होतो, तिच्या हातचं डांगर खाल्लं, अन् थे पंचगव्य काई पित नाई म्हनते. एवढं सांगा अन् मंग या. मी आहो इथं.”

“हो,” तो म्हणाला. खूप प्रामाणिकपणे म्हणाला. साल कुठे टाकावी ते त्याला कळेना; तिनं त्याच्या हातातून घेतली.

त्याच्या बापाची मला घाण वाटते, हे लपवलेलं नाही. पण त्यानं निदान सगळ्यांदेखत हात हुंगला. हा दुसरा मऊ बोलून, मान खाली घालून, कोणाला कळणार आहे असं विचारत आलेला माणूस. तो आठवला की शिसारीबरोबर भीतीही वाटते, कारण पुढच्या आयुष्यात मला तोच जास्त भेटला. कचेरीत भेटला, कॉलेजच्या समित्यांत भेटला, व्यासपीठावर शेजारच्या खुर्चीत भेटला. त्याचं कधी काही चुकत नाही. तो फक्त कॅलेंडर वाचत असतो.

सायकल काठावरून दिसेनाशी झाली. आत्या पुन्हा वेलींत बसली आणि पिकलेली डांगरं खुडून टोपलीत भरू लागली.

“आत्या, तो येईन का परत?” मी विचारलं.

“नाई येत.”

“मंग त्याले सांगून ये असं काहून म्हटलं?”

तिनं एक डांगर देठाकडून फिरवून पाहिलं, अजून कच्चं होतं म्हणून वेलीवरच ठेवलं.

“त्याले बी समजाले पायजे न पोरी,” ती म्हणाली, “का वाट मी नोहती बंद केली.”

मग टोपली डोक्यावर घेऊन ती तापल्या वाळूतून काठाकडे चालू लागली, आणि मी तिच्या सावलीत पाय टाकत मागे.